जस्ताच्या राखेची फिरती भट्टी, तिच्यात धरणारी रिंग आणि लायनिंगवाल्यांची सेवा : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

ज्यांची फिरती भट्टी दर दीड-दोन महिन्यांनी रिंग धरते, म्हणजे आतल्या विटांना मालाचा कड्यासारखा थर चिकटून वाट अरुंद होते, आणि भट्टी थंड करून तो फोडावा लागतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नागपूरजवळ बुटीबोरीत आमचा छोटा कारखाना आहे. लोखंडावर जस्ताचा थर चढवणाऱ्या गॅल्व्हनायझिंगवाल्यांकडून जस्ताची राख घ्यायची आणि तिचं झिंक ऑक्साइड करायचं, हे काम मी १४ वर्षं सांभाळते आहे. गेल्या जुलैत आम्ही पुणे जिल्ह्यातल्या एका रिफ्रॅक्टरी, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटा-लायनिंगच्या, कंपनीला बोलावलं. भट्टीची तपासणी, जुनी रिंग काढणं, वरच्या टोकाचं नवं लायनिंग (आतलं अस्तर) आणि त्यानंतर महिनाभर देखरेख, असं सगळं मिळून साडेसहा लाखांचं काम होतं, जीएसटी वेगळा. नाव देत नाही. हे काम कंपनीच्या पाटीपेक्षा आलेल्या माणसांवर जास्त अवलंबून असतं, आणि तुम्ही कुणालाही बोलावलंत तरी त्यांच्याकडून काय करून घ्यायचं हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

आधी आमची भट्टी कशी आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या भट्टीशी ताडून बघता येईल. लांबी १४ मीटर, आतून विटा लावल्यावर उरलेला व्यास सव्वा मीटरच्या आसपास. विटा ६० टक्के अल्युमिनाच्या. सव्वा मिनिटात एक फेरा. वरच्या टोकाने राख आणि कोळसा पडतो, खालच्या टोकाला बर्नर. माल घरंगळत खाली येतो आणि धूर उलट्या दिशेने वर जातो. कोळशातला कार्बन जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, त्यामुळे सुटं झालेलं जस्त वाफ होऊन उडतं, वर पुन्हा हवा लागून पांढरं ऑक्साइड होतं आणि कापडी पिशव्यांच्या बॅग फिल्टरमध्ये गोळा होतं. ही पद्धत जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी रुळली आणि पोलाद भट्ट्यांची धूळ वापरणारे जगातले मोठे कारखाने आजही तीच वापरतात. आमची भट्टी त्यांच्यापुढे लहान आहे, पण दुखणं तेच आहे.

दुखणं कसं कळतं? आमचे फोरमनकाका भट्टीच्या आवाजावरून सांगतात. त्या वर्षी जूनमध्ये ते ऑफिसच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, भट्टी खोकलून राहिली जी." म्हणजे माल एकसारखा येत नाही. रिंगच्या मागे तो तुंबतो, मग एकदम लोंढा येतो आणि बर्नरपाशी ढीग पडतो. मोटरचा अँपिअरचा काटा वरखाली करतो. वरच्या टोकाला धुराची ओढ कमी पडून पांढरा धूर शेडमध्ये येतो. त्या धुराने रात्री अंगात ताप भरतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. गावाकडची माणसं यावर गूळ खातात. गुळाने काही होत नाही, चांगला मास्क आणि भट्टीची ओढ हाच त्यावर उपाय. माझ्या माणसांना ताप येतो म्हणजे माझ्या भट्टीत बिघाड आहे, असं मी धरते.

आधीच्या दोन वर्षांत आम्ही या रिंगवर बरेच पैसे घालवले. एका कंत्राटदाराने न चिकटणारा लेप म्हणून विटांवर पांढरी रंगासारखी पेस्ट मारून दिली. ती आठवडाभरही टिकली नाही. भट्टीत टनभर माल दिवसरात्र विटांवर घासत असतो, त्यापुढे मिलिमीटरभर लेपाचं काय चालणार? दुसऱ्याने वरच्या टोकाला कास्टेबल, म्हणजे काँक्रीटसारखं ओतायचं लायनिंग, ओतलं आणि घाई करून दुसऱ्याच दिवशी बर्नर लावायला लावला. आत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली आणि लायनिंगचे टवके फटाक्यासारखे उडाले. नशिबाने तेव्हा समोर कुणी नव्हतं. त्यानेच जाता जाता सांगितलं, "मालात थोडा चुना टाका, रिंग धरणार नाही." आम्ही टाकला. रिंग दुप्पट वेगाने वाढली. का वाढली ते मला या वेळी कळलं, पुढे सांगते.

जुलैत आलेल्या चमूत चौघे होते. त्यांच्यातले वयस्कर साहेब चंद्रपूरकडच्या सिमेंटच्या भट्ट्यांवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. सिमेंटवाल्यांनाही रिंग छळतेच. मला वाटलं होतं, आल्याआल्या विटा बघतील. ते आधी राखेच्या गोदामात गेले. तीन वेगवेगळ्या ढिगांतून मूठ-मूठ राख घेतली, तीन काचेच्या ग्लासांत पाणी घालून ढवळली, वरचं निवळ पाणी वेगळं काढलं, त्यात नायट्रिक ॲसिडचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. राखेत क्लोराइड असेल तर त्याने पांढरा साका येतो. पहिल्या ग्लासात थोडी गढूळ झाक आली. दुसऱ्यात फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका. तिसऱ्यात तर ग्लासाचा तळ दिसेना. मग त्यांनी तिसऱ्या ग्लासात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला आणि मला वास घ्यायला सांगितलं. अमोनिया. डोळ्यांत पाणी आलं.

"हा ढीग कुणाचा?" त्यांनी विचारलं. एका गॅल्व्हनायझरचा होता, जो टनामागे सर्वांत स्वस्त देतो. गॅल्व्हनायझिंगच्या टाकीत ४५० अंशांच्या आसपासचं वितळलेलं जस्त असतं आणि लोखंड त्यात बुडवण्याआधी झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समधून, म्हणजे लोखंडाचा पृष्ठभाग साफ करणाऱ्या द्रावणातून, काढतात. हा फ्लक्स जास्त वापरला की वर तरंगणाऱ्या राखेत क्लोराइड जास्त येतं. बॉल मिलमध्ये दळून जस्ताचे दाणे चाळून काढले की उरलेल्या बारीक भुकटीत ते क्लोराइड आणखी साठतं. आणि भट्टीत आम्ही तीच भुकटी टाकत होतो.

झिंक क्लोराइड ३०० अंशांच्या आतच वितळतं आणि ७३० च्या आसपास उकळतं. म्हणजे भट्टीच्या गरम भागात त्याची वाफ होते, ती धुराबरोबर वर येते, वरच्या टोकाला थंड विटा आणि थंड राख भेटली की पुन्हा पातळ होऊन डिंकासारखी बसते. त्या डिंकावर बारीक भुकटी चिकटत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या मीटरवरची आमची राखाडी-पांढरी रिंग अशी तयार होत होती. चौदा वर्षं मी त्या रिंगला विटांचा दोष मानत आले होते आणि तिचं मूळ माझ्या खरेदीच्या वहीत होतं.

रिंग एक नव्हती, दोन होत्या. भट्टी थंड झाल्यावर साहेब मला आत घेऊन गेले. त्याआधी वायू मोजला, पंखा लावला, बाहेर माणूस उभा केला, भट्टीच्या मोटरला कुलूप घालून चावी स्वतःच्या खिशात ठेवली. आधीच्या कुठल्याही कंत्राटदाराने यातलं काहीही केलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते. वरची रिंग हातोडीने ठोकली की बद बद वाजायची, खरवडली तर भुगा निघायचा, ओल लागली की चिकट व्हायची. नवव्या-दहाव्या मीटरवरची दुसरी काळी, काचेसारखी, ठोकली की खणखण. जाडी १४ इंच भरली. म्हणजे तिथे माणूस रांगत जाईल एवढंच भोक उरलं होतं. तिचा एक तुकडा मी टेबलावर ठेवला आहे. फुटलेल्या बाजूला काळ्या काचेत कोळशाचे न जळलेले ठिपके आणि पिवळट रेघा दिसतात.

ही काळी रिंग लोखंड, सिलिका आणि कोळशाची राख यांची. आम्ही जस्ताच्या राखेबरोबर परवान्यानुसार थोडी पोलाद भट्टीची धूळही घेतो, तिच्यात जस्त असतं तसंच भरपूर लोखंडही. आपल्या वणी-चंद्रपूरच्या कोळशात राख जास्त आणि त्या राखेत सिलिका जास्त. सिलिका एकटी १७०० अंशांपर्यंत वितळत नाही, पण भट्टीत तयार होणारा लोखंडाचा ऑक्साइड तिला भेटला की दोघं मिळून १२०० च्या आसपासच पाघळतात. भट्टीचा गरम भाग नेमका त्याच तापमानाला चालतो. अर्धवट पातळ झालेला माल विटेला लागतो, फेऱ्यात वर जातो, गोठतो, पुन्हा खाली येतो, आणखी घेऊन वर जातो.

आता चुन्याचं. साहेबांनी कागदावर आमच्या मालातला चुना-मॅग्नेशिया आणि सिलिका यांचं गुणोत्तर काढून दाखवलं. अशी भट्टी एकतर सिलिकाच्या बाजूला ठेवायची, गुणोत्तर अर्ध्याच्या खाली. नाहीतर भरपूर चुना घालून दीडच्या वर न्यायची. मधला पट्टा सर्वांत वाईट, तिथे स्लॅग (जस्त उडाल्यावर उरणारा मळ) लवकर पाघळतो. आमचा माल मुळात सिलिकाच्या बाजूला होता, ठीक चालला होता. थोडा चुना घालून आम्ही त्याला बरोबर त्या मधल्या पट्ट्यात आणून ठेवलं. चुना टाकण्याचा सल्ला इंटरनेटवरही सर्रास मिळतो. आपला आकडा काढल्याशिवाय टाकू नका, एवढी कळकळीची विनंती.

काम सुरू झालं तेव्हा पाऊस धो-धो होता. कास्टेबलच्या गोण्या त्यांनी लाकडी फळ्यांवर रचून वर ताडपत्री टाकली होती. तरी ओतायच्या आधी प्रत्येक गोणी उघडून हात घालून बघितली. दोन गोण्यांत खडे निघाले, त्या बाजूला टाकल्या आणि बिलातूनही वजा केल्या.

वरच्या साडेतीन मीटरला त्यांनी सिलिकॉन कार्बाइड असलेलं कास्टेबल घातलं. असं लायनिंग क्षार आणि क्लोराइडला पटकन धरून बसू देत नाही. गरम झाल्यावर त्याच्या पृष्ठभागावर काचेचा पातळ थर येतो, तो छिद्रं बुजवतो. मी विचारलं, "मग पूर्ण भट्टीलाच का नाही?" साहेब सरळ नाही म्हणाले. गरम भागातला लोखंडाचा ऑक्साइड सिलिकॉन कार्बाइडला खातो. तिथे चांगली अल्युमिनाची वीटच हवी. पूर्ण भट्टीला विकलं असतं तर त्यांचं बिल तिप्पट झालं असतं. त्यांनी विकलं नाही. माझा विश्वास तिथे बसला.

अँकर, म्हणजे लायनिंगला धरून ठेवणारे आकडे, बसवण्याचं काम मी जवळ उभं राहून पाहिलं. स्टेनलेस स्टीलचे व्ही आकाराचे अँकर, भट्टीच्या बाहेरच्या लोखंडी कवचाला वेल्ड केलेले, शेजारच्या दोघांची तोंडं एकमेकांच्या काटकोनात. वेल्डिंग झालं की एक मुलगा हातोडी घेऊन प्रत्येकाला टोला मारत जायचा आणि आवाज बद आला की खडूची फुली. २३ फुल्या पडल्या, त्या सगळ्या कापून पुन्हा वेल्ड केल्या. मग दुसरा मुलगा डांबराच्या डब्यात ब्रश बुडवून प्रत्येक टोकाला काळा ठिपका लावत गेला. भट्टी तापली की ते डांबर जळून जातं आणि लोखंडाला फुगायला तेवढी जागा मिळते. ती नसेल तर अँकरच लायनिंगला तडा देतो. आमच्या आधीच्या लायनिंगमध्ये हे डांबर कुणी लावलेलं नव्हतं, तोडलेल्या तुकड्यांत ते स्पष्ट दिसलं.

ओतल्यावर २४ तास हात लावू दिला नाही. मग लाकडाचा मंद जाळ आणि पुढे बर्नर, तासाला २५ अंशांपेक्षा जास्त चढ नाही, ११० ला थांबा, ३५० ला थांबा, ६०० ला थांबा. हे वाळवणं सव्वातीन दिवस चाललं. उत्पादन बंद, ग्राहकांचे फोन चालू, मी अस्वस्थ. पण एकही टवका उडाला नाही.

लायनिंगपेक्षा जास्त फरक मात्र त्यांनी बदलायला लावलेल्या गोष्टींनी पडला, असं माझं आजचं मत आहे. ज्या राखेत क्लोराइड जास्त, ती आता आम्ही सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतो. विरघळलेलं जस्त कार्बोनेट होऊन खाली बसतं, वाया जात नाही. मीठपाणी सांडपाण्याच्या एफ्लुएंट प्लांटला जातं आणि त्याचा खर्च लागतो, हे आधीच हिशोबात धरा. धुण्याच्या टाकीवर हूड आणि वायू धुणारा स्क्रबर बसवावा लागला, अमोनियाशी खेळ नको. धुतलेली राख डिस्कवर गोळ्या करून, साधारण हरभऱ्याएवढ्या, सुकवून मग भट्टीत. भुकटी उडून विटांना चिकटणं त्याने खूप कमी झालं आणि बॅग फिल्टरमधलं ऑक्साइडही जास्त पांढरं येऊ लागलं. ऑक्साइड पांढरं आलं की रबरवाले भाव बरा देतात.

कोळसा आम्ही बारीक चुरा घ्यायचो, स्वस्त म्हणून. तो वरच जळून जायचा आणि नवव्या मीटरला मालात कार्बनच उरायचा नाही. कार्बन मालात शेवटपर्यंत राहिला तर दाणे एकमेकांना आणि विटेला चिकटत नाहीत. आता चाळलेला १० ते २० मिलिमीटरचा घेतो. महाग आहे, परवडतो. बर्नरची ज्योत विटेवर आपटत होती, ती नळी सव्वा इंच वळवली.

आणि एक साधी गोष्ट. इन्फ्रारेड तापमापक, हातात धरायचा पिस्तुलासारखा. भट्टीच्या कवचावर दर मीटरला पांढरा पट्टा मारला आहे. प्रत्येक शिफ्टला काका चालत जाऊन चौदा आकडे वहीत लिहितात. रिंग धरली की ती आतून कवचाला ऊब लागू देत नाही, म्हणून तिथे बाहेरचा आकडा खाली येतो. आमच्या नवव्या मीटरला एरवी २४० च्या आसपास असतो. २१० ला आला की कोळसा वाढवायचा आणि ज्योत थोडी मागे-पुढे करायची. थर पातळ असतो तोवर तापमानाच्या त्या झटक्याने तो आपोआप सुटतो. १८० पर्यंत वाट बघितली तर मग पहार आणि ड्रिलच. हे तंत्र पूर्वी काका कवचावर पाण्याचे शिंतोडे मारून करायचे आणि चर्रर्र आवाजावरून सांगायचे. आता आकडेही लिहितात आणि शिंतोडेही मारतात. दोन्ही जुळतात, म्हणून मी काही म्हणत नाही.

आधी भट्टी ४५ ते ५० दिवसांत बंद पडायची. नव्या लायनिंगनंतरची पहिली खेप १२८ दिवस चालली आणि तीही रिंगमुळे थांबली नाही, रोलरच्या बेअरिंगसाठी आम्हीच थांबवली. आत काळी रिंग तीन इंचांची होती, वरच्या टोकाला बोटभर पापुद्रा, जो फावड्याने निघाला. आता तिसरी खेप चालू आहे.

तक्रारीही आहेत. वाळवण्याचा बर्नर ठरल्यापेक्षा दीड दिवस उशिरा आला, तेवढा वेळ ओलं लायनिंग आणि बसलेली माणसं. देखरेख महिनाभर ठरली होती, त्यांचा माणूस तिसऱ्या आठवड्यानंतर फिरकला नाही. फोन मात्र साहेब स्वतः उचलायचे. अहवाल ४० पानांचा आणि पूर्ण इंग्रजीत. ज्यांनी भट्टी चालवायची त्यांनाच तो वाचता येत नव्हता. मी दोन रात्री बसून त्याची मराठीत दोन पानं केली आणि पॅनेलशेजारी चिकटवली. असा अहवाल कामगारांच्या भाषेत द्यायची अट करारातच घाला.

त्यांनी एअर ब्लास्टरही घ्यायला लावले, दाबाखालची हवा एकदम सोडून थर झाडणारे. धुराच्या चेंबरला लावलेला एक उपयोगी पडतो, तिथली राख भिंतीला धरत नाही. राख पडण्याच्या च्यूटला (घसरणीला) लावलेला दुसरा मी बंद ठेवला आहे, कारण तो सुटला की भुकटी उसळून सील सुटतं. एकच घ्या.

पाचपैकी चार तारे. गेलेला एक तारा उशिराचा आणि त्या अर्धवट देखरेखीचा.

एका गोष्टीवर लक्ष ठेवून आहे. साडेतीन मीटरला जिथे नवं कास्टेबल संपतं आणि जुनी वीट सुरू होते, त्या जोडावर मार्चमध्ये केसाएवढी भेग दिसली होती आणि तिच्यात राखाडी चिकटा भरला होता. तेव्हा पट्टी लावून मोजली तर खोली ११ मिलिमीटर भरली. पोळ्याच्या आधी भट्टी उघडणार आहोत. तेव्हा पुन्हा मोजेन आणि आकडा इथे टाकेन.